जुन्या घरातली अडनिड्या मापाची आतली दारं : खिशाला परवडेल असं कुठे आणि कसं करून घ्यावं?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) घर आहे. मातीच्या दोन हात जाड भिंती, वर सागाच्या तुळया. आई-वडील तिथेच राहतात आणि पुढेही तिथेच राहणार आहेत. रस्त्याकडचा दरवाजा अजून खणखणीत आहे, त्याला हात लावायचा नाही. प्रश्न आतल्या चार दारांचा आहे. दोन दारांची खालची वीतभर उंची वाळवीने खाल्ली, स्वयंपाकघराचं दार पावसाळ्यात लागतच नाही, आणि मागच्या पडवीत केलेल्या बाथरूमचं पत्र्याचं दार गंजून खालून गेलं.

मापं चौकटीच्या खाचेत टेप लावून घेतली आहेत:

माजघर : उंची ६५ इंच, रुंदी ३२ इंच, दोन फळ्यांचं
स्वयंपाकघर : ६३ × २४
धान्याची खोली : ५९ × २३
बाथरूम : ७२ × २७

जळगावात आणि भुसावळात दुकानं पालथी घातली. सगळीकडे ८१ इंच उंच आणि ३०, ३३, ३६, ३९ रुंद, हीच मापं. एकाने तर तोंडावर सांगितलं, "चौकटी उपटा, नवीन बसवा, हे माप आता कुणी करत नाही." एका ठिकाणी कारखान्यातून मापाचं बनवून देतो म्हणाले, पण पैसे पुढच्या तयार मापाचे लावणार आणि दोन-चार दारांसाठी गाडी पाठवणार नाहीत. म्हणजे ५९ इंची दाराला ८१ इंचाचे पैसे!

यंदा श्रावणात कानबाई (आमच्या खानदेशातली देवी) आमच्या घरी बसणार आहे. सगळी भावकी येईल. त्याआधी काम उरकायचं आहे. चारही दारांना मिळून ३० हजारांच्या आत बसवता येईल का? ज्यांनी असं केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

भरीतप्रेमी

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो. पारोळ्याच्या घरी डिट्टो हाच प्रश्न आहे.

चौथा_मजला

माझं मत थोडं वेगळं. जुन्या चौकटी काढून एकदाच तयार मापाच्या चौकटी बसवून घ्या. पुढे कधीही दार बदलायचं झालं तर दुकानात जाऊन उचलून आणता येईल. शिवाय ६५ इंच म्हणजे साडेपाच फुटाच्या आत. आजची पोरं सहा फुटी आहेत, रोज कपाळ फुटणार. एकदा पैसे जातील, पण कायमचा प्रश्न मिटेल.

पांढरीची_भिंत

@चौथा_मजला, विटा-सिमेंटच्या घराला तुमचं म्हणणं बरोबर आहे. मातीच्या घराला हे लागू करू नका, कृपया.

मी धुळ्यात बांधकामात आहे, जुन्या घरांची दुरुस्ती बरीच केली आहे. पांढऱ्या मातीच्या भिंतीत चौकट नुसती अडकवलेली नसते. तिच्या वरच्या आडव्या लाकडाची टोकं दोन्ही बाजूंना भिंतीत घुसलेली असतात, आणि त्याच्यावर भिंतीच्या जाडीभर दुसऱ्या जाड फळ्या टाकलेल्या असतात. वरची माती, धाब्याचा भार, सगळं त्यावर आहे. चौकट उपटली की आधी त्या फळ्या मोकळ्या होतात, मग वरची माती ढासळायला लागते. ती थांबवायला दोन्ही बाजूंनी टेकू, तुळईखाली आधार, नवीन लिंटेल (दारावरची आडवी पट्टी), त्याला दोन्हीकडे किमान नऊ इंच टेकायला जागा, पुन्हा गिलावा. आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा धरत नाही, थोड्या दिवसांत पापुद्रे सुटतात. चार दारांचं सोडा, एका दाराला हा खर्च ३० हजारांच्या पुढे जाईल.

उंची वाढवायची तर वर हात घालावा लागतो, आणि धोका नेमका तिथेच आहे. चौकट शाबूत असेल तर तिला हलवू नका. दार चौकटीच्या मापाचं करा.

एक अपवाद. बाथरूम पडवीत नंतर केलं आहे म्हणताय. तिथली भिंत विटांची असेल तर तो हिशोब वेगळा.

तापीकाठ

@पांढरीची_भिंत, हो, बाथरूमची भिंत विटांची आहे, वर पत्रे आहेत. बाकी तिन्ही मातीच्या भिंतीत. माजघराच्या दारावर खरोखर चार फळ्या दिसतात, मला वाटायचं शोभेच्या आहेत.

खापरपोळी

आमच्या आजीचं म्हणणं होतं की दार ठेंगणंच पाहिजे, पाहुणा घरात शिरताना देवाला आपोआप नमस्कार करतो. माजघरात देव्हारा समोरच असायचा ना! तसंच लहान दारातून उन्हाची झळ कमी येते. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो तेव्हा आमच्या माजघरात दुपारी सतरंजी टाकून झोपता येतं. ते श्रेय जाड भिंतीचं आणि लहान दाराचं. तेव्हा उंची वाढवू नका, हे माझंही मत.

कानबाई तुमच्याकडे! रोटाचं (कानबाईच्या प्रसादाचं) आमंत्रण धाग्यावर द्यायचं विसरू नका.

रंधा

आमचं सुतारकाम पिढीजात, चोपड्याला. या विषयावर मनापासून लिहितो, कारण लोक दुकानदाराचं ऐकून चांगल्या चौकटी जाळून टाकतात आणि ते बघवत नाही.

पहिली गोष्ट मापाची. तुम्ही एकच रुंदी आणि एकच उंची लिहिली आहे. जुनी चौकट कधीच काटकोनात नसते. गावठाण पांढरीवर असलं तरी गावं पसरत गेली तशी कितीतरी घरं काळ्या मातीवर आली, आणि काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंत तिच्याबरोबर हलते, चौकट एका अंगाला झुकते. म्हणून रुंदी तीन ठिकाणी घ्या : वर, मध्ये, खाली. उंची दोन्ही बाजूंना घ्या. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत चार सुतांपेक्षा जास्त फरक आला (आठ सूत म्हणजे एक इंच) तर मापावर दार करू नका, फर्मा करा. पातळ प्लायचा किंवा टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा चौकटीत बसवून पेन्सिलने कड मारून घ्यायची आणि तो फर्माच सुताराला द्यायचा. टेप चुकीचा वाचता येतो, फर्मा नाही.

दुसरं, तयार फ्लश डोअर (दोन्ही बाजूंनी सपाट दार) कापणं. लोक म्हणतात कापता येत नाही, तर अर्धं खरं आहे. दाराच्या चारही कडांना आत लाकडी पट्टी असते. आतमध्ये पोकळ किंवा जाळीदार पुठ्ठा असलेलं दार (वरून नक्षीदार साच्याचं येतं ते) कडेला थोडं रंधून घेता येतं, त्यापुढे कापलं की हातात दोन पापुद्रे राहतात. पण आतून भरीव पट्ट्या चिकटवलेलं दार, ज्यावर आयएस (भारतीय मानक) २२०२ चा शिक्का असतो, ते ८१ वरून ६५ वर आणता येतं. कापल्यावर खालची लाकडी पट्टी गेलेली असते, म्हणून नव्या कडेतून दीड इंच खोल भरण पटाशीने काढून तिथे सागाची किंवा कडक लाकडाची पट्टी डिंक लावून ठोकायची आणि क्लॅम्प लावून रात्रभर ठेवायची. रुंदीत कापायचं असेल तर दोन्ही बाजूंनी सारखं कापा. पोकळ दारात कुलपाचा ठोकळा एका बाजूलाच असतो, त्यावर खूण असते. ती बाजू बिजागरीकडे गेली तर कुलूप पोकळीत बसेल. कंपनीची हमी मात्र कापल्याबरोबर संपते.

तरी तुमच्या मापांना मी तयार दार घ्यायला सांगणार नाही. २४ इंचाच्या दारासाठी ३० इंची घ्या, वरून १८ इंच कापून फेका, हे पैसे कचऱ्यात. त्यापेक्षा २५ मिलिमीटरचा ब्लॉकबोर्ड (मध्ये लाकडी पट्ट्या आणि वर पातळ थर असलेला) घ्या. ताव ८ × ४ फुटांचा, म्हणजे ९६ × ४८ इंच. तुमचं स्वयंपाकघर २४ आणि धान्याची खोली २३, दोन्ही मिळून ४७. करवतीची जाडी धरूनही एका तावात दोन्ही दारं शेजारी-शेजारी निघतात. उरलेला तेहतीस इंचाचा तुकडा खिडक्यांना. माजघराच्या दोन फळ्या दुसऱ्या तावात, तिथेही सोळा इंच पट्टी उरते. स्वयंपाकघराला वाफ लागते, म्हणून बोर्ड बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचाच घ्या, त्यावर आयएस १६५९ चा शिक्का बघून.

बोर्डाचं मधलं लाकूड उंचीच्या दिशेनेच गेलं पाहिजे, आडवं गेलं तर दार लचकतं. आणि चारही कडांना सागाची दोन सुती पट्टी, ती नसेल तर वर्षभरात कडा भुगा होतात. ही पट्टी धरूनच माप द्यायचं, म्हणजे बोर्ड दोन्ही बाजूंनी तेवढा आखूड कापायचा.

अहिराणी_ठसका

राम राम भो. आमना गावमा बी हाईच रडगाणं शे. रंधा भाऊ, तुमनं लिखेल मी वहीमा उतारी लिधं!

सागवानी

रंधा यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे, पण बोर्डाबद्दल माझा विरोध नोंदवतो.

तापीकाठ, तुम्ही म्हणता दोन दारांचा खालचा वीतभर भाग वाळवीने खाल्ला. म्हणजे वरचा सगळा साग चांगला आहे. तो फेकून तुम्ही बोर्ड लावणार? आमच्या एरंडोलच्या घरी हेच झालं होतं. सुताराने काय केलं ते सांगतो. कवाड उतरवून ओट्यावर आडवं टाकलं. सुरीचं टोक खालून वर टोचत नेलं, जिथे टोक अडायला लागलं तिथे रेघ मारली, आणि रेघेच्या वर आणखी तीन बोटं सोडून कापलं. कापलेल्या तुकड्यातून पीठ सांडावं तशी माती पडली. वर मात्र आतलं लाकूड मधासारख्या रंगाचं, तेल सुटलेलं. मग जुन्याच एका मोडलेल्या पाटाचा साग घेऊन त्याने प्रत्येक उभ्या फळीला अर्ध्या जाडीची खाच पाडून जोड लावला. मागून एक आडवी पट्टी. पुढून तेल फिरवल्यावर जोड शोधावा लागतो.

खर्च? मजुरी आणि थोडं लाकूड. बोर्डाच्या दारापेक्षा कमीच पडला.

आणि जिथे दार अजिबात उरलेलं नाही तिथे पाडकामाचं लाकूड बघा. आपल्याकडे दर वर्षी वाडे पडतात. ठेकेदार दारं-खिडक्या वजनावर नाहीतर नगावर विकतो. जुन्या दारांची मापं तुमच्यासारखीच असतात, कारण तीही त्याच काळातल्या सुतारांनी केलेली. ६० ते ६६ उंचीचं कवाड तिथे सहज मिळतं. मोठं घेऊन कापता येतं, लहान घेऊन वाढवणं कठीण. पावती मात्र मागून घ्या, सागाचा माल गाडीवर घालताना विचारणा झाली तर हाती काही असावं.

चौथा_मजला

सागवानी, पाडकामाच्या लाकडात वाळवीची अंडी घरात येत नाहीत का? आणि त्यावरचा जुना ऑइलपेंट खरवडताना निघणारी धूळ लहान मुलांना घातक असते. हा खर्च आणि त्रासही धरा.

सागवानी

रंगाचा मुद्दा एकदम मान्य. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, म्हणून कोरडं घासू नये. रंग काढायचा तो अंगणात, पाणी मारून ओला ठेवून, तोंडाला चांगला मास्क लावून, आणि निघालेला चुरा गोळा करून टाकायचा. जमत नसेल तर रंग तसाच ठेवून वरून नवीन हात द्या.

वाळवीचं म्हणाल तर ती दाराबरोबर येत नाही, जमिनीतून येते. आपल्याकडची दारं खाणारी वाळवी मातीत घर करते आणि मातीच्याच नळ्या करून चढते. नळी तोडली, जमिनीशी संबंध तुटला की लाकडातली उरलेली मरते. घुण्याची (लाकूड पोखरणाऱ्या किड्याची) गोष्ट वेगळी, त्याची बारीक गोल भोकं आणि ताजी पिवळी पूड दिसली तर ते दार घेऊच नका.

गिरणामाई

वाळवीवरच लिहायला आले. नवीन दार लावण्याआधी उंबरठ्याखालचं बघा! आमच्या चाळीसगावच्या घरी लोकांनी दार बदललं, वाळवीचं काही केलं नाही, पुढच्या पावसाळ्यात नव्या दाराला नळ्या. उंबरठ्याला आणि चौकटीच्या पायाला फूटभर अंतरावर भोकं पाडून क्लोरपायरीफॉस पाण्यात कालवून सोडतात, ते काम जाणकाराकडून करून घ्या. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर आधी सांगा, ते विष आहे. स्वयंपाकघरात काम चालू असताना आई-वडिलांना दोन दिवस दुसरीकडे ठेवा.

बाथरूमच्या दाराला लाकूड लावूच नका. आम्ही आधी साधं पीव्हीसी लावलं होतं. पश्चिमेचं ऊन थेट लागायचं, दोन उन्हाळ्यांत दार पिवळं पडून मध्ये पोट आलं, कडी जुळेना. मग डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण) लावलं, ते भरीव असतं, पाण्याने फुगत नाही, आणि मुख्य म्हणजे लाकडासारखं कुठेही कापता येतं. चौकटही त्याचीच मिळते. फक्त वजन जास्त असतं, म्हणून तीन बिजागऱ्या लावायला सांगा आणि स्क्रूच्या आधी ड्रिलने भोक, नाहीतर कड फुटते.

साठीपार

माझा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. आई-वडील तिथेच राहणार आहेत, असं धाग्याच्या सुरुवातीलाच आहे. बाथरूमचं दार २७ इंच! उद्या वॉकर लागला किंवा चाकाची खुर्ची लागली तर काय? सार्वजनिक इमारतींसाठी सरकारी मार्गदर्शक तत्त्वं ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी सांगतात, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. घरात तेवढं नाही जमलं तरी जितकं जवळ जाता येईल तितकं जावं. माझ्या वडिलांच्या आजारपणात आम्ही त्यांना खुर्चीवरून उतरवून, दोघांनी बगलेत धरून बाथरूममध्ये नेत होतो, कारण दार अरुंद. त्यांना ते फार लागायचं, बोलून दाखवत नसत.

भिंत विटांची आहे तर तिथेच पैसे खर्च करा. मातीच्या भिंतीतली तीन दारं आहेत त्या मापाची करा आणि बाथरूमचं एकच मोठं करा. उंबरठ्याऐवजी तिथे उताराची पट्टी ठेवा, पाणी बाहेर येणार नाही इतकाच उठाव.

पांढरीची_भिंत

+१. माझा अपवाद म्हणत होतो तो हाच. विटांच्या भिंतीवर पत्र्याचं छप्पर म्हणजे भार किरकोळ आहे. मिस्त्री एका दिवसात भोक मोठं करेल, वर तयार काँक्रीटची पट्टी टाकेल. आणि एकदा मोठं केलंच तर दुकानातल्या मापाचंच करा. म्हणजे तिथे चौथा_मजला यांचा सल्ला पूर्ण लागू पडतो. ३९ इंची दार बसलं तर उत्तम, नाहीतर ३६.

चौथा_मजला

चला, चारांपैकी एका दारावर तरी माझं ऐकलं! मातीच्या भिंतीतल्या फळ्यांचं मला माहीत नव्हतं, पटलं.

भरीतप्रेमी

धान्याच्या खोलीला दार पाहिजेच का? आम्ही काढून पडदा लावला. हवा खेळती राहते.

खापरपोळी

पडदा?? आणि उंदीर? आमच्याकडे दादर (ज्वारी) आणि गहू कोठीत असतो तरी उंदीर खालून दार कुरतडतात. धान्याच्या खोलीच्या दाराला आतून खाली फूटभर पत्रा मारून घ्या, आणि दार व जमीन यांत पेन्सिलही जाणार नाही इतकी फट ठेवा. हवेसाठी दाराच्या वरच्या भागात बारीक जाळी बसवा. ही आमच्या सासूबाईंची पद्धत, कधी उंदीर दिसला नाही.

रंधा

सागवानी यांच्याशी माझं भांडण नाही. वरचं लाकूड चांगलं असेल तर जोड हाच पहिला पर्याय, मी बोर्ड सांगितला तो जिथे दार संपलंय तिथे. फक्त जोड लावणारा सुतार आता गावोगाव मिळत नाही. नवी पोरं प्लाय आणि सनमायकाच्या कामात तरबेज आहेत, सागाच्या जोडात हात बसलेला नसतो. म्हणून आधी त्याचं एखादं जुनं काम बघून या.

आणि सनमायका लावणार असाल तर दोन्ही बाजूंना लावा. पैसे वाचवायला मागची बाजू कोरी ठेवली की दार एका अंगाला वाकतं, मग खाली लागतं पण वर कडी पोहोचत नाही. अशी तक्रार घेऊन माणसं येतात आणि बोर्डाला शिव्या देतात. बोर्डाचा दोष नसतो.

खापरपोळी यांची जाळी आणि पत्रा एकदम योग्य.

सातपुडा_वारा

शहाद्याहून. मजुरीचा अंदाज कुणीच दिला नाही, तो द्या ना. आमच्याकडे सुतार दाराचे फुटावर पैसे मागतो, कुणी रोजावर. काय परवडतं?

रंधा

@सातपुडा_वारा, नवीन दार असेल तर नगावर ठरवा आणि त्यात काय-काय येतं ते कागदावर लिहून घ्या : कापणी, कडेची पट्टी, बिजागरी बसवणं, कडी-कुलूप, चौकटीत घासून बसवणं. शेवटचं काम सगळ्यात वेळखाऊ असतं आणि तेच लोक बोलायचं विसरतात. जुन्या दाराची दुरुस्ती मात्र रोजावर द्या. आत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. नगावर दिलं की सुतार घाईत खराब भाग तसाच ठेवून वर पट्टी मारतो.

तापीकाठ

सगळ्यांचे खूप आभार. मधल्या काळात कामं झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे कर्ण मोजले. माजघराच्या चौकटीत फरक अगदी थोडा, स्वयंपाकघराच्या चौकटीत मात्र जवळपास पाऊण इंच. पावसाळ्यात दार का लागत नाही ते तिथेच कळलं. वडील इतकी वर्षं दरवर्षी दाराची कड रंधून घेत होते आणि उन्हाळ्यात तिथे बोटभर फट पडायची. खरा वाकडेपणा चौकटीत होता. खोक्याच्या पुठ्ठ्याचा फर्मा केला.

माजघराच्या दोन्ही फळ्यांना खालून सागाचा जोड दिला. फैजपूरचे एक वयस्कर सुतार मिळाले, त्यांनी दोन दिवस रोजावर काम केलं. स्वयंपाकघर आणि धान्याची खोली एका ब्लॉकबोर्डच्या तावात निघाली. धान्याच्या दाराला आतून पत्रा आणि वर जाळी. बाथरूमची भिंत फोडून ३६ इंची डब्ल्यूपीसी दार, चौकटीसकट. ३९ बसलं असतं, पण बाजूला पाण्याचा पाइप होता.

खर्च ढोबळमानाने असा : माजघराची मजुरी आणि लाकूड ३,२०० रुपये, बोर्डाचा ताव ३,८००, त्या दोन दारांची मजुरी, कडेच्या पट्ट्या, बिजागऱ्या आणि रंग ५,४००, बाथरूम मिस्त्रीसकट ९,७००, वाळवीचं औषध २,५००. एकूण २४,६००. दुकानदाराच्या हिशोबात नुसत्या चौकटी फोडण्यालाच याहून जास्त लागले असते.

आईला बाथरूमचं दार सगळ्यात आवडलं. तिला आता बादली घेऊन तिरकं शिरावं लागत नाही.

एक प्रश्न राहिला. स्वयंपाकघराचं नवीन दार आता मे महिन्यात बसवलंय. फट किती ठेवायला हवी होती? सुताराने बाजूंना एक-एक सूत ठेवली आहे.

रंधा

मे महिन्यातलं लाकूड अगदी सुकलेलं असतं, तापीच्या खोऱ्यात तर जास्तच. आषाढात ते फुगणारच. अखंड सागाच्या दाराला मी मे मध्ये दोन सूत सोडतो. तुमचा बोर्ड आहे, तो रुंदीत फारसा फुगत नाही, त्यामुळे बाजूंची एक सूत पुरेल. खालून मात्र दोन सूत पाहिजे, स्वयंपाकघरात फरशी धुतली जाते. आणि दाराची खालची आणि वरची कड रंगवली आहे का ते आरसा धरून बघा. सुतार तिथे रंग लावत नाहीत कारण कुणाला दिसत नाही. पाणी तिथूनच चढतं. कोरी असेल तर दार उतरवून प्रायमर आणि दोन हात मारून घ्या, पाऊस पडायच्या आत.

तापीकाठ

आरसा धरला. खालची कड कोरीच आहे. उद्याच उतरवतो.

सागवानी

माजघराच्या दाराला रंग नको, गरम केलेलं जवसाचं तेल द्या, दोन हात, मध्ये आठ दिवसांचं अंतर. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा, बोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात. आणि फोटो टाका.

गिरणामाई

बोर्डाचा उरलेला तेहतीस इंची तुकडा काय केला? आमच्या खिडकीची झडप ३१ × २२ आहे, दोन पाहिजेत. कुणी असा तुकडा विकत देणार असेल तर सांगा, चाळीसगावहून भुसावळपर्यंत रेल्वेने येऊन घेऊन जाईन.

तापीकाठ

@गिरणामाई, तुकडा ३२ × ४८ भरतोय, दोन्ही झडपा निघतील. विकत नको, घेऊन जा. विपु (विचारपुशीत निरोप) केली आहे.